दोन गाड्यांचा स्वयंपाक

घोडपदेवच्या आमच्या गाळ्यात एकेचाळीस ट्रंका आहेत,
सगळ्या एकाच गावच्या.
खडकोशी. कुठं आलं म्हणाल, तर घाट संपून
एस.टी. जिथं माघारी वळते तिथं.
मी या माणसांना जेवू घालते. एकवीस वर्षं झाली.

महापालिकेला हे सगळे एका झेंड्याखाली.
आपला माणूस, आपला वॉर्ड,
प्रचाराच्या उपरण्यांनी माझी भांडी पुसून होतात वर्षभर.
पण गावची ग्रामपंचायत लागली
की गाळ्यात खडूशिवाय रेघ पडते.
वरची आळी मोरीच्या बाजूला झोपते,
खालची आळी गॅलरीकडं.
बाजी आणि रंगू सपकाळ, सख्खे चुलते-पुतणे,
एका ताटात जेवणारे,
समोरासमोर बसून मीठ माझ्याकरवी मागतात.

दोन पॅनेल, दोन गाड्या.
कपबशीची दारूखान्याच्या कोपऱ्यावर,
कपाटाची पेट्रोल पंपाजवळ,
दोन्ही शनिवारी रात्री दहाला, दोन्हींचं भाडं गावाकडनं.
वाटेचा डबा तेवढा माझा.
चार चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, ठेचा.
फडक्याला गाठ मारताना विचारावंच लागतं,
कुठल्या गाडीत ठेवू?
त्या उत्तराला पेटी नसते, पडदा नसतो.

टीव्हीवर लोक अंदाज सांगत बसतात.
मी पिठाच्या डब्याच्या झाकणावर बोटानं रेघा ओढते.
बावीस आणि एकोणीस.
दोनापेक्षा जास्त कधी चुकले नाही.

ते दोन कोण, तेही ठाऊक आहे.
बौद्धवाडीचा धम्मपाल डबा कपबशीच्या गाडीत ठेवतो
कारण मुकादम कपबशीचा,
आणि सोमवारी कामावर घेणारा तोच.
मत कुणाला, मी विचारलं नाही.
टाकीचं पाणी आमच्या वाडीपर्यंत येता येता संपतं,
एवढं एकदा भात वाढताना बोलला होता.
दुसरा म्हातारा तातोबा.
खिडकी मिळेल त्या गाडीचा,
पण बटणापुढं गेला की बायको सांगेल तेच दाबतो.
बायको वारून नऊ वर्षं झाली.

मागच्या खेपेला सरपंचाची मोजणी झाली.
दोनशे बारा. दोनशे बारा.
शाळेतली एक पोर उभी केली,
तिनं बरणीतनं चिठ्ठी काढली.
कपाट.
फोन आला तेव्हा मी परतणाऱ्यांची आमटी ढवळत होते.
पलीकडनं कुणीतरी सहज म्हणालं,
तुझं नाव आहे की यादीत, अनुक्रमांक तीनशे सहा,
नवऱ्याच्या नावाखाली.
नवऱ्याचंही आहे अजून.

आमटी बुडाला लागली त्या दिवशी.
कुणी काही बोललं नाही, जिंकलेले सुद्धा.

यंदा दोन्ही गाड्यांत माझ्यासाठी खिडकी राखली आहे.
दोन्हीकडनं लुगडं आलं,
एकाच दुकानातलं, काठ तेवढा वेगळा.
मुकादम स्वतः तीन जिने चढून आला,
घाम पुसत पहिल्यांदाच मला वैनी म्हणाला.
कपाटवाल्यांनी माझ्या मालकांची आठवण काढली,
तीही चुकीच्या नावानं.
पोरं रोज विचारतात,
मावशी, तुझा डबा कुठल्या गाडीत?

मी म्हणते, आधी पीठ चाळू द्या.
परळ डेपोतनं रविवारी पहाटे सव्वापाचला एस.टी. सुटते,
बायकांना अर्धं तिकीट.
आज झाकणावर रेघा ओढल्या,
वीस आणि एकवीस.
आणि एक जरा बाजूला, लांबट.
बघणाऱ्याला वाटावं
पुसताना बोट घसरलं असेल.